जुना पत्ता, नवं गावठाण

भिगवणच्या मासळी बाजारात आमचे एक मामा आडत चालवतात. लिलाव सकाळीच आटोपतो, दुपारी हिशेब लागतो आणि चिलापी-कटला आणून घालणाऱ्या मच्छीमारांचे पैसे संध्याकाळच्या आत त्यांच्या खात्यात पडलेच पाहिजेत, हा मामांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. २०२५च्या दिवाळीनंतर एका दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, पासवर्ड उडाला. दोन्ही चौकटी रिकाम्या आहेत."

त्यांच्या लॅपटॉपवर पासवर्ड मॅनेजर मीच बसवून दिला होता. बँकेचं पान उघडलं की युजरनेम आणि पासवर्ड आपोआप भरून यायचे, मामांनी फक्त लॉगिन दाबायचं. पासवर्ड वीस अक्षरांचा, मॅनेजरनेच घडवलेला, त्यामुळे तो कुणालाच पाठ नव्हता. मला फोन करण्याआधी मामांनी डायरी काढून दोन वर्षांपूर्वीचा पासवर्ड तीनदा टाकून पाहिला होता आणि बँकेने खातं लॉक केलं होतं. मच्छीमारांचे पैसे एक दिवस उशिरा गेले. मामांना त्याची लाज वाटली आणि मला त्याहून जास्त, कारण पासवर्ड भरून आला नाही तर काय करायचं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. हे लिहितोय ते त्यासाठी.

मी त्यांना म्हटलं, "मामा, वरच्या पट्टीतला पत्ता वाचा. शेवटाकडून वाचा." त्यांनी सावकाश वाचला. शेवटी डॉट बँक डॉट इन होतं. मॅनेजरमध्ये साठवलेल्या नोंदीत मात्र डॉट कॉम होतं. पासवर्ड कुठेही उडालेला नव्हता. बँकेने पत्ता बदलला होता.

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी, पतधोरणाच्या वेळी, भारतातल्या बँकांसाठी डॉट बँक डॉट इन हे राखीव नाव जाहीर केलं. २२ एप्रिलच्या परिपत्रकात मुदत दिली ती ३१ ऑक्टोबर २०२५ची. सरकारी आणि खासगी बँकांबरोबर नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही हा आदेश होता. नावं वाटण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे. त्यामुळे स्टेट बँक एसबीआय डॉट बँक डॉट इनवर गेली आणि एचडीएफसी बँक एचडीएफसी डॉट बँक डॉट इनवर. बँकेच्या नावासारखंच नाव घेऊन खोटी साइट उभी करायची आणि लोकांचे पासवर्ड गोळा करायचे, हा धंदा बोकाळला होता. डॉट कॉम कुणीही विकत घेऊ शकतो. डॉट बँक डॉट इन बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. माझ्या मते सामान्य खातेदाराच्या भल्याचा इतका साधा निर्णय गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. पण त्याचा एक परिणाम घरोघर दिसला: पासवर्ड मॅनेजर एकाएकी गप्प झाले.

मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बँकेचं पुनर्वसन झालं म्हण की." आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून द्यावा लागत नाही. भीमेवर उजनी धरण झालं, १९८०मध्ये ते पूर्ण झालं, आणि काठची गावं उठून वर आली. पळसदेव हे नाव तेच राहिलं, गावठाण नवं झालं. जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की अजून उघडं पडतं. जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं तर ते पाण्यात जाणार, हे पोस्टमनला कळतं. पासवर्ड मॅनेजरला कळत नाही आणि ते त्याला कळू नये अशीच त्याची रचना आहे.

ही रचना नीट समजली तर बाकीच्या निम्म्या अडचणी आपोआप समजतात. माणूस साइट ओळखतो ती रंगावरून, बोधचिन्हावरून, पानाच्या मांडणीवरून. या सगळ्याची नक्कल करायला अर्धा तास पुरतो. मॅनेजर यातलं काहीच बघत नाही. तो पासवर्डाबरोबर साइटचा पत्ता लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेवढाच ताडून पाहतो. पत्ता जुळला तर भरतो, नाही जुळला तर भरत नाही. खोट्या साइटवर माणूस फसतो तिथे मॅनेजर अडून बसतो. म्हणून चौकट रिकामी दिसली की पहिलं काम पासवर्ड शोधण्याचं नसून पत्ता वाचण्याचं आहे.

पत्ता वाचायचा तो पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत, आणि उजवीकडून डावीकडे. मॅनेजरही जवळजवळ तसाच वाचतो. त्याला आधी ठरवावं लागतं की पत्त्यातला कुठला भाग सामायिक आणि कुठला घरमालकाचा. डॉट इन सामायिक, हे सोपं. पण डॉट सीओ डॉट इन, डॉट जीओव्ही डॉट इन हेही सामायिक. त्यांच्या डावीकडचा शब्द खरा मालक सांगतो. अशा सामायिक शेपट्यांची एक जाहीर यादी आहे, पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची. ती मोझिलाने सुरू केली आणि आज सगळे ब्राउझर आणि बहुतेक मॅनेजर तिच्यावर चालतात. डॉट बँक डॉट इन त्या यादीत आहे. ते नसतं, तर देशातल्या सगळ्या बँका मॅनेजरला एकाच घरातल्या वाटल्या असत्या आणि एका बँकेचा पासवर्ड त्याने दुसरीच्या पानावर पुढे केला असता.

ही भीती हवेतली नाही. राज्य शासनाच्या अनेक खात्यांची पोर्टलं महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन या एकाच छताखाली आहेत. इथे मालक म्हणजे 'महाराष्ट्र', आणि त्याच्या डावीकडचे शब्द म्हणजे त्या वाड्यातल्या खोल्या. बिटवॉर्डनसारखा मॅनेजर मूळ मांडणीत वाड्याचं नाव जुळवतो, खोलीचं नाही. त्यामुळे एका खात्याच्या पोर्टलवर दुसऱ्या खात्याचा पासवर्ड पुढे येतो, माणूस घाईत तोच पाठवतो आणि 'लॉगिन चुकलं' म्हणून साइटला दोष देतो. यावर इलाज आहे. त्या नोंदीच्या मांडणीत जाऊन पत्ता जुळवण्याची रीत 'बेस डोमेन'वरून 'होस्ट'वर न्यायची. मग तो खोलीपर्यंत जुळवतो. नोंदीला ठळक मराठी नाव देऊन ठेवलं तर यादीतून निवडतानाही घोळ होत नाही.

पत्ता बदलण्याचा अनुभव आपल्याला पहिल्यांदाच आला असंही नाही. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर खात्याचं विवरणपत्राचं पोर्टल लांबलचक जुन्या नावावरून इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इनवर आलं. तेव्हाही साठवलेले पासवर्ड जुन्या नावाखाली अडकले. त्या पोर्टलने आणखी एक नवी अडचण आणली, आणि ती पत्त्याची नव्हे, चौकटींची आहे.

पान उघडल्यावर कुठल्या चौकटीत काय भरायचं, हे मॅनेजर कसं ओळखतो? पासवर्डाची चौकट ओळखणं सोपं. जिथे टाइप केलेली अक्षरं ठिपके होऊन दिसतात, त्या चौकटीचा प्रकारच पानाच्या मजकुरात 'पासवर्ड' असा लिहिलेला असतो. तिच्या अलीकडची चौकट युजरनेमची असणार, असा तो अंदाज बांधतो. साइट बांधणाऱ्याने मनावर घेतलं तर अंदाजाची गरज उरत नाही. प्रत्येक चौकटीला ऑटोकंप्लीट नावाची चिठ्ठी लावता येते: 'युजरनेम', 'करंट-पासवर्ड', 'न्यू-पासवर्ड', 'वन-टाइम-कोड'. चार शब्दांचं काम आहे. किती साइट ते करत नाहीत, हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

प्राप्तिकराच्या पोर्टलवर आधी पॅन द्यायचा आणि पुढे जायचं. मग सुरक्षा संदेशाजवळ खूण करायची आणि तिथे पासवर्डाची चौकट. पहिल्या पायरीवर पासवर्डाची चौकटच नाही, त्यामुळे काही मॅनेजर हे लॉगिनचं पान आहे असं धरतच नाहीत. दुसऱ्या पायरीवर पासवर्ड आहे, पण अलीकडे युजरनेम नाही. अशा वेळी दोन्ही पायऱ्यांवर चौकटीत क्लिक करून मॅनेजरच्या चिन्हावरून हाताने 'भरा' म्हणायचं. पान आपोआप भरत नाही म्हणजे पासवर्ड हरवला, असा अर्थ काढायचा नाही.

काही साइट तर भरून येऊच नये म्हणून झटतात. त्यामागे जुना इतिहास आहे. १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ५मध्ये ऑटोकंप्लीट आणलं आणि 'ऑफ' अशी चिठ्ठी लावून ते बंद ठेवण्याची सोय साइटना दिली. सायबर कॅफेच्या काळात ती शहाणपणाची होती. बँकांनी ती धरून ठेवली. पुढे लोकांचे पासवर्ड वाढले, ते एकच पासवर्ड सगळीकडे वापरू लागले, आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की या चिठ्ठीने नुकसानच जास्त होतंय. २०१३ ते २०१५ या काळात इंटरनेट एक्स्प्लोरर ११, क्रोम ३४ आणि फायरफॉक्स ३८ यांनी पासवर्डाच्या चौकटीवरची ही चिठ्ठी मानणं सोडलं. मग काही साइटनी आडवाटा काढल्या. चौकटीत क्लिक होईपर्यंत ती कुलूपबंद ठेवायची, साधी चौकट घेऊन तिच्यावर ठिपके रंगवायचे, पडद्यावरचा कळफलक पुढे करायचा, पेस्ट बंद करायचं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७मध्येच जाहीरपणे सांगितलं की लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने त्याच वर्षी पेस्टची शिफारस केली आणि २०२५च्या नव्या आवृत्तीत पासवर्ड मॅनेजर व ऑटोफिल चालू देणं बंधनकारक मानलं. पेस्ट अडवणाऱ्या साइटला तक्रार लिहिताना हा दाखला जरूर द्यावा.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यापायी मी स्वतः एक पूर्ण संध्याकाळ घालवली आहे. एका पोर्टलवर पासवर्ड व्यवस्थित भरून यायचा आणि दर वेळी चूक ठरायचा. शेवटी मॅनेजरमधली नोंद उघडून डोळ्याचं चिन्ह दाबलं. आत माझा पासवर्ड नव्हताच. शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी 'ए' ते 'एफ' अक्षरं यांची चौसष्ट खुणांची माळ होती. ते पोर्टल लॉगिन दाबताक्षणी पासवर्डाचं गणिती रूप करून, ज्याला हॅश म्हणतात, तेच त्या चौकटीत टाकत होतं आणि मग पाठवत होतं. ब्राउझरने नेमक्या त्या क्षणी 'सेव्ह करू का?' विचारलं, मी हो म्हटलं, आणि हॅश साठवला गेला. पुढच्या वेळी हॅशचा पुन्हा हॅश झाला आणि सर्व्हरला तो ओळखू येईना. हॅश ३२ खुणांचाही असतो. अशी माळ दिसली की नोंद पुसून पासवर्ड हाताने लिहायचा आणि त्या साइटवर 'अपडेट करू का?' या प्रश्नाला कायम नाही म्हणायचं. कुलपाच्या खुणेचा, एचटीटीपीएसचा, पत्ता असेल तर वाटेतला मजकूर आधीच गुप्त असतो. हा वेगळा उपद्व्याप करून त्या पोर्टलने फार काही मिळवलं असं मला वाटत नाही.

याच्या उलटही घडतं: चौकट भरलेली दिसते, पण लॉगिन दाबलं की साइट म्हणते 'पासवर्ड टाका'. आजकालची पानं माणसाच्या टाइप करण्याकडे कान लावून असतात. कळ दाबल्याची वर्दी आली की ती अक्षर नोंदवतात. मॅनेजरने चौकटीत मजकूर ठेवला पण वर्दी दिली नाही, तर डोळ्यांना दिसतं ते पानाच्या हिशेबात नसतं. चौकटीत जाऊन एक अक्षर वाढवायचं आणि पुसायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. क्रोम तर तुम्ही पानावर कुठे तरी एकदा क्लिक करेपर्यंत भरलेला पासवर्ड पानाच्या हाती देतच नाही. ते तुमच्या सुरक्षेसाठी आहे.

हे सगळं ठीक असूनही लॉगिन होत नसेल तर मोबाइलचा कळफलक पाहावा. मराठी कळफलक चालू ठेवून हाताने पासवर्ड टाकताना आकडा देवनागरी जाऊ शकतो. पडद्यावर दोन्हींचा ठिपकाच होतो, पण संगणकाला मराठी चार आणि इंग्रजी चार ही दोन वेगळी अक्षरं आहेत. नोंद पहिल्यांदा करतानाच असा आकडा गेला असेल तर मॅनेजर इमानदारीने रोज चुकीचाच भरत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवून घेतलेल्या पासवर्डामागे मोकळी जागा चिकटून येते, तीही दिसत नाही. आणि कॅप्चा चुकला तरी काही पोर्टलं सरसकट 'चुकीची माहिती' एवढंच म्हणतात. लोक मग बरोबर असलेला पासवर्ड बदलून बसतात आणि मॅनेजरमध्ये एकाच साइटच्या तीन-तीन नोंदी होतात.

अँड्रॉइडवर आवृत्ती ८पासून, म्हणजे २०१७पासून, आणि आयफोनवर आयओएस १२पासून, २०१८पासून, बाहेरच्या मॅनेजरला भरण्याची मुभा आहे. पण ती फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. ब्राउझरचा स्वतःचा मॅनेजर आणि तुम्ही बसवलेला असे दोन्ही चालू असले की एकमेकांच्या आड येतात. एकच ठेवावा. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मॅनेजरला झोपवत असेल तर त्याला बॅटरी-बचतीतून वगळावं.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. आमच्याकडे ऑनलाइन अर्जाचं बरंचसं काम माणसं स्वतःच्या लॅपटॉपवर करत नाहीत. महा ई-सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, ओळखीच्या पोराकडे करतात. एकाच संगणकावर दिवसभरात कित्येक शेतकऱ्यांची, विद्यार्थ्यांची लॉगिन होतात. ब्राउझर प्रत्येक वेळी विचारतो, 'सेव्ह करू का?' गर्दीत हो दाबलं जातं. संध्याकाळी त्या यंत्रात अर्ध्या गावाचे पासवर्ड असतात, आणि दुसऱ्या दिवशी एकाच्या अर्जाच्या पानावर दुसऱ्याचं युजरनेम भरून येतं. चुकीच्या खात्यात अर्ज गेला तर निस्तरायला चकरा माराव्या लागतात त्या शेतकऱ्यालाच. केंद्र चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: गिऱ्हाइकाचं काम पाहुण्याच्या, म्हणजे गेस्ट, खिडकीत करा. ती बंद केली की तिने लक्षात ठेवलेलं सगळं जातं. तुमच्या रोजच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवण्याचा प्रश्नच बंद करून टाका, आणि आधी साठलेली यादी उघडून रिकामी करा. गिऱ्हाइकाला त्याचा पासवर्ड त्याच्याच वहीत, त्याच्याच हाताने लिहू द्या. घरी कुलपात ठेवलेली वही दुकानातल्या ब्राउझरपेक्षा कितीतरी बरी.

मामांचं लॉक शाखेत जाऊन निघालं. नवा पासवर्ड घेतला. मी पोचलो तोवर त्यांनी बँकेचं पासबुक आणि शाखेतली पाटी पाहून नवा पत्ता स्वतः खात्री करून घेतला होता. एसएमएसमधल्या दुव्यावरून तो घेतला नव्हता, याचं मला फार बरं वाटलं. नवी नोंद करायची गरज नव्हती. जुन्या नोंदीतच नवा पासवर्ड भरून पत्त्याची आणखी एक ओळ घालता येते. ती घातली, पान पुन्हा उघडलं, दोन्ही चौकटी भरून आल्या.

"आणि जुनी ओळ? राहू दे की," मामा म्हणाले. जुनं नाव सध्या बँकेकडेच होतं आणि ते उघडलं की नव्या पत्त्यावर आणून सोडत होतं. पण इंटरनेटवरचं नाव भाड्याच्या जागेसारखं असतं, मुदत भरून चालू ठेवावं लागतं. उद्या बँकेने ते सोडलं आणि भलत्यानेच घेतलं, तर नोंदीत जुना पत्ता असल्यामुळे मॅनेजर त्या भलत्याच्या पानावरही पासवर्ड मुकाट भरून देईल. मामांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि स्वतःच जुनी ओळ निवडून पुसली. मग वही ओढली आणि त्या दिवशीच्या चिलापीचे पैसे पाठवायला बसले.